वाचकांचे प्रश्न : बिनतारी पॅकेट पुन्हा कोणी, केव्हा आणि कुठवर पाठवावे?

मागील अंकात वाय-फाय आणि मोबाइलवरील माहिती लहान लहान पॅकेटांत विभागून कशी पाठवली जाते, हे या सदरात सांगितले होते. त्यानंतर इंदूर आणि आसपासच्या गावांतून आलेली बरीच पत्रे एकाच मुद्द्याभोवती होती : वाटेत बिघडलेल्या किंवा हरवलेल्या पॅकेटाचे पुढे काय होते? म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रांतील आशय कायम ठेवून ती थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. आमचे घर जुने असून भिंती दीड-दोन फूट जाड आहेत. राउटर पुढच्या बैठकीत आहे आणि मागच्या खोलीत रेंज जेमतेम असते. तेथे मुलीचे संदेश उशिरा येतात, परंतु त्यांतले एक अक्षरही कधी गळत नाही. लहरी भिंतीत विरत असतील, तर मजकूर अखंड कसा राहतो? आणि उशीर नेमका कोठे होतो?
— एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर

उत्तर : मजकूर ज्या यंत्रणेमुळे अखंड राहतो, तिच्यामुळेच उशीरही होतो. राउटर प्रत्येक पॅकेटाच्या शेवटी ३२ बिटांची एक तपासणी-संख्या जोडतो. ती त्या पॅकेटातील सर्व बिटांवरून ठरावीक गणिताने काढलेली असते. पॅकेट मिळताच आपला फोन तेच गणित पुन्हा करतो आणि संख्या जुळली, तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अवघ्या १० मायक्रोसेकंदांच्या विरामानंतर एक छोटी पोचपावती परत पाठवतो. संख्या जुळली नाही, तर फोन गप्प राहतो. ठरलेल्या वेळात पोचपावती आली नाही, की पॅकेट पोहोचले नाही असे राउटर धरून चालतो आणि तेच पॅकेट पुन्हा पाठवतो.

या व्यवस्थेत एक अडचण आहे. पॅकेट नीट पोहोचले, पण पोचपावतीच भिंतीत विरली, तरी राउटरला दिसते ते मौनच. तो बिचारा पॅकेट पुन्हा पाठवतो आणि फोनकडे एकच मजकूर दोनदा येतो. म्हणून प्रत्येक पॅकेटावर क्रमांक असतो. क्रमांक ओळखीचा निघाला, तर फोन ती दुसरी प्रत टाकून देतो. मात्र पोचपावती पुन्हा देतो, कारण ती दिली नाही तर राउटर पाठवतच राहील. अक्षर गळत नाही ते तपासणी-संख्येमुळे, आणि दोनदा उमटत नाही ते क्रमांकामुळे.

आता उशिराविषयी. पॅकेट बिघडले ते भिंतीमुळे की शेजारच्या राउटरने त्याच क्षणी काही पाठवल्यामुळे, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. स्वतः बोलत असताना त्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही. दोघांची टक्कर झाली असेल आणि दोघांनीही सारख्याच वेळाने पुन्हा पाठवले, तर पुन्हा टक्कर होणार. हा पेच १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटांना जोडणारे ‘अलोहा’ हे रेडिओ-जाळे सुरू केले, तेव्हाच समोर आला होता. पोचपावती न आल्यास प्रत्येकाने स्वैरपणे निवडलेला वेळ थांबावे आणि मग पाठवावे, हा त्यांचा तोडगा आजही आपल्या घरात चालू आहे. वाय-फायमध्ये हा वेळ प्रथम ० ते १५ खणांतून, म्हणजे वेळेच्या ठरावीक छोट्या तुकड्यांतून, निवडतात, प्रत्येक अपयशानंतर खणांची संख्या दुप्पट होते आणि ती १०२३ पर्यंत जाऊ शकते. एक खण ९ मायक्रोसेकंदांचा असल्यामुळे एवढ्याने आपल्याला जाणवेल असा उशीर मात्र होत नाही.

खरा उशीर दोन ठिकाणी होतो. अपयश वारंवार येऊ लागले, की राउटर वेग कमी करून अधिक सावकाश, अधिक खात्रीने पाठवू लागतो. सावकाश जाणारे पॅकेट हवेतील जागा जास्त वेळ अडवून ठेवते. त्यामुळे बैठकीत राउटरशेजारी बसलेल्यांचाही वेग उतरतो. आणि काही प्रयत्नांनंतर, बहुधा सातेक, राउटर ते पॅकेट सोडून देतो. मग ते हरवल्याचे दूरच्या सर्व्हरला आपल्या घड्याळावरून कळावे लागते आणि त्याने ते नव्याने पाठवावे लागते. संदेश सेकंदांनी रखडतो तो येथे.

आपल्या घरासाठी माझा सल्ला असा की, बाजारात मिळणारा साधा रिपीटर घेण्याआधी विचार करावा. तो त्याच वाहिनीवर ऐकून त्याच वाहिनीवर पुन्हा पाठवणारा असेल, तर प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा जाते. माळ्यावरून किंवा चौकटीच्या कडेने एक केबल मागच्या खोलीपर्यंत नेऊन तेथे दुसरे वाय-फाय केंद्र बसवले, तर पुनःप्रेषणाची, म्हणजे पुन्हा पाठवण्याची, गरजच कमी होते. जुन्या भिंतीला भोक पाडणे जिवावर येते हे खरे, पण उपाय तोच टिकाऊ आहे.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात पुनःप्रेषणाच्या तीन पद्धती आहेत : एक पॅकेट पाठवून थांबणे, चूक झाल्यास त्या पॅकेटापासून पुढचे सगळे पुन्हा पाठवणे, आणि फक्त हरवलेलेच पाठवणे. तिसरी सर्वांत चांगली दिसते, मग पहिल्या दोन शिकायच्या कशासाठी? दोन छोटे रेडिओ-बोर्ड जोडून मी प्रकल्प करीत आहे. त्यात पॅकेट केवढे ठेवावे?
— एक विद्यार्थी, तिसरे वर्ष, इंदूर

उत्तर : कोणती पद्धत चांगली, हे पोचपावती परत येण्यास किती वेळ लागतो यावर ठरते. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. पॅकेट वर जाऊन खाली येण्यास सुमारे २४० मिलिसेकंद लागतात आणि पोचपावतीला तितकेच. दर सेकंदाला १ कोटी बिट वाहणाऱ्या दुव्यावर १५०० बाइटचे पॅकेट पाठवण्यास लागतात केवळ १.२ मिलिसेकंद. येथे एक पॅकेट पाठवून थांबलो, तर दुवा वेळेच्या जेमतेम चारशेव्या भागात कामी येतो. न थांबता पाठवत राहावे, तर सुमारे ४०० पॅकेटे वाटेत असतात; त्यातले एक बिघडले म्हणून पुढची सगळी पुन्हा पाठवणे ही उधळपट्टी होईल. उपग्रहासाठी तिसरी पद्धतच हवी. तिची किंमत म्हणजे स्मृती : आधीचे हरवलेले येईपर्यंत नंतर आलेली पॅकेटे सांभाळून ठेवावी लागतात.

आपल्या टेबलावरील दोन बोर्डांमध्ये दोन मीटरांचे अंतर असेल, तर लहर तेथे सात नॅनोसेकंदांत पोहोचते. अशा ठिकाणी थांबण्यात फारसे नुकसान नाही आणि लागणारी स्मृती एका पॅकेटापुरती. ब्लूटूथच्या मूळ प्रकाराने हेच केले आहे : क्रमांकासाठी एक बिट, पोचपावतीसाठी एक बिट, आणि पहिले पोहोचेपर्यंत दुसरे नाही. वाय-फायचा वेग वाढत गेला, तसा प्रत्येक पॅकेटामागे थांबण्याचा खर्च पॅकेटापेक्षा मोठा होऊ लागला. म्हणून २००९ च्या ८०२.११एन या मानकात अनेक पॅकेटे एका दमात पाठवून ६४ पर्यंत पॅकेटांची एकत्रित पोचपावती घेण्याची सोय प्रत्यक्ष व्यवहारात आली. प्रत्येकाची तपासणी-संख्या स्वतंत्र असते आणि त्या पोचपावतीतील कोणता बिट शून्य आहे यावरून तेवढेच पॅकेट पुन्हा जाते.

पॅकेटाच्या आकाराचा आपला प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, कारण पुस्तकात तो एका ओळीत आटोपतात. समजा दहा हजार बिटांत एक बिट बिघडतो. १५०० बाइट म्हणजे १२,००० बिट. ते सगळे निर्दोष पोहोचण्याची शक्यता सुमारे ३० टक्के, म्हणजे सरासरी तीनपेक्षा जास्त वेळा पाठवावे लागणार. तेच पॅकेट २०० बाइटचे केले, तर शक्यता ८५ टक्क्यांवर जाते. पण प्रत्येक पॅकेटात पत्ता, क्रमांक, तपासणी-संख्या असे ४० बाइट मजकुराव्यतिरिक्त जातात असे धरा. तो खर्च वजा केल्यावर मोठ्या पॅकेटातून दुव्याच्या क्षमतेचा सुमारे २९ टक्के आणि छोट्यातून ६८ टक्के उपयोग होतो. आता दुवा सुधारला आणि दहा लाखांत एक बिट बिघडू लागला, की चित्र उलटते : मोठ्यातून ९६ टक्के, छोट्यातून ८० टक्के. म्हणून एकच आकार ठरवून प्रकल्प पूर्ण करू नये. पोचपावत्या किती वेळा चुकतात हे मोजत राहावे आणि त्यानुसार आकार बदलावा. आपल्या प्रकल्पात खरे काम हेच आहे, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वरच्या हिशेबात प्रत्येक बिटाची चूक स्वतंत्र मानली आहे, पण हवेत चुका झुंडीने येतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना काही जागी छेदून टाकतात आणि बोर्ड पाच-सहा सेंटिमीटर सरकवला, तरी गेलेली रेंज परत येऊ शकते. अशा जागी बोर्ड स्थिर ठेवून त्याच क्षणी, त्याच वारंवारतेवर पाच वेळा पाठवले, तर पाचही वेळा अपयशच येण्याचा संभव असतो. ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा वारंवारता बदलते, त्यामुळे त्याचा दुसरा प्रयत्न आपोआप वेगळ्या वाहिनीवर होतो. आपल्या बोर्डात वाहिनी बदलण्याची सोय असल्यास दुसऱ्या अपयशानंतर ती जरूर वापरावी.

प्रश्न : मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. आमच्या वेळी बिघडलेला संदेश टाकून देऊन नवा मागवीत असत. आता मोबाइलमध्ये बिघडलेले पॅकेटही ठेवून घेतात, असे नातू सांगतो. बिघडलेल्या मालाचा उपयोग काय?
— एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : आपला नातू बरोबर सांगतो. आपल्याला रेडिओ-टेलिप्रिंटरचा काळ आठवत असेल. १९४० च्या दशकात डच अभियंते व्हान ड्यूरेन यांनी त्यासाठी सात बिटांची अशी लिपी वापरली, की प्रत्येक अक्षरात नेमके तीन बिट ‘चालू’ असावेत. मोजणी तीन भरली नाही, की ग्राहक यंत्र स्वतःच ते अक्षर पुन्हा मागवीत असे. तेथे निर्णय दोनच : घ्या किंवा टाका.

मोबाइलमधील ग्राहक यंत्र (रिसीव्हर) प्रत्येक बिटाबद्दल फक्त शून्य की एक एवढेच सांगत नाही. आपल्याला त्याची किती खात्री आहे, हेही लिहून ठेवतो. पॅकेट एकंदरीत चुकले, तरी त्यातल्या बहुतेक बिटांबद्दलची माहिती उपयोगाची असते. एकाच कागदाच्या दोन पुसट छायाप्रती शेजारी ठेवल्या, तर एकीत न लागणारे शब्द दुसरीत लागतात आणि मजकूर पूर्ण वाचता येतो. डेव्हिड चेस यांनी १९८५ मध्ये मांडलेली रीत अशीच आहे : दुसरी प्रत आली, की दोन्हींची खात्री एकत्र करायची. त्याहून काटकसरीचा मार्ग असा की, दुसऱ्या वेळी तेच बिट न पाठवता, पहिल्या वेळी वगळलेले दुरुस्तीचे जादा बिट पाठवायचे. ४जी आणि ५जी या दोन्हींत ही सोय आहे.

४जीमध्ये टॉवरकडून आलेल्या पॅकेटाचा निकाल फोन ४ मिलिसेकंदांनी कळवतो आणि पुनःप्रेषण साधारणपणे मूळ पॅकेटानंतर ८ मिलिसेकंदांनी होते. तेवढा वेळ टॉवर रिकामा बसू नये म्हणून एका फोनसाठी आठ पॅकेटांचे व्यवहार समांतर चालतात. ५जीमध्ये ही संख्या सोळापर्यंत जाते. आपल्यासारख्या अनुभवी माणसाला आश्चर्य वाटेल अशी बाब पुढे आहे. पहिल्या प्रयत्नात सुमारे १० टक्के पॅकेटे चुकावीत, अशा बेताने टॉवर आपला वेग मुद्दाम ठरवतो. प्रत्येक पॅकेट पहिल्याच वेळी पोहोचलेच पाहिजे असा हट्ट धरला, तर वेग इतका कमी ठेवावा लागेल की पुनःप्रेषणात वाचले त्याहून जास्त गमावले जाईल. मात्र फोनने पाठवलेला ‘चुकले’ हा एका बिटाचा निरोप टॉवरने ‘मिळाले’ असा वाचला, तर पॅकेट कायमचे हुकते. त्यासाठी वरच्या थरात क्रमांकांवर चालणारी आणखी एक, सावकाश पण पक्की तपासणी ठेवलेली असते.

प्रश्न : इंदूरहून पुण्याला जाताना कर्जत-लोणावळा घाटातील बोगदा संपला, फोनवर रेंज पूर्ण दिसू लागली, तरी डाउनलोड कितीतरी वेळ हलत नाही. असे का?
— पुण्यातील कंपनीसाठी घरून काम करणारी वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कारण पुनःप्रेषण करणारा येथे टॉवर नाही, दूरचा सर्व्हर आहे, आणि बोगदा संपल्याचे त्याला कोणी सांगितलेले नाही. पोचपावती न आल्यास तो ठरावीक मुदतीने पुन्हा पाठवतो आणि प्रत्येक अपयशानंतर मुदत दुप्पट करतो. मुदत १ सेकंदापासून सुरू झाली असे धरल्यास प्रयत्न १, ३, ७, १५ आणि ३१ व्या सेकंदाला होतील. बोगदा सोळाव्या सेकंदाला संपला, तर पुढची पंधरा सेकंदे रेंज असूनही काही येणार नाही. अशा वेळी डाउनलोड थांबवून पुन्हा सुरू करावे. नवी जोडणी जुन्या मुदतीची वाट पाहत नाही.

ही दुप्पट मुदत निष्कारण ठेवलेली नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ या अवघ्या ४०० यार्डांवरील दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांपर्यंत कोसळला होता. जाळे तुंबले असताना सगळ्यांनी घाईघाईने पुन्हा पाठवत राहिल्याने ते अधिकच तुंबले. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये सुचवलेल्या सुधारणांनुसार, पॅकेट हरवले की जाळे तुंबले असे समजून सर्व्हर वेग उतरवतो. तारेवर हा तर्क बरोबर ठरतो. हवेत पॅकेट भिंतीमुळे किंवा बोगद्यामुळे हरवते, तेव्हा वेग उतरवण्याचे काहीच कारण नसते. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले हरी बालकृष्णन आणि त्यांचे बर्कलीतील सहकारी यांनी १९९५ मध्ये दाखवले, की टॉवरपाशीच पॅकेटाची प्रत ठेवून तेथूनच ते पुन्हा पाठवले, तर दूरच्या सर्व्हरला या हानीचा पत्ताही लागत नाही. पॅकेट जेथे हरवले त्याच्या जवळून पुन्हा पाठवावे, हे तत्त्व मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते. पण त्यालाही मर्यादा आहे : टॉवरने फार वेळ चिकाटी धरली, तर तिकडे सर्व्हरची मुदत संपते आणि एकच पॅकेट दोघेही पाठवू लागतात.

प्रश्न : राजवाड्याजवळ माझे दुकान आहे. ग्राहकाच्या फोनवर यूपीआय ‘पेंडिंग’ दिसते तेव्हा तो पुन्हा पैसे पाठवू का, असे विचारतो. नेटवर्कने आपणहून दोनदा पाठवले, तर पैसे दोनदा जातील का?
— एक व्यापारी, इंदूर

उत्तर : नेटवर्कने पॅकेट कितीही वेळा पाठवले, तरी पैसे दोनदा जाऊ नयेत अशीच रचना आहे. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो आणि तोच क्रमांक पुन्हा आला, तर तो जुनाच व्यवहार असल्याचे ओळखले जाते. परंतु ग्राहकाने स्वतः पुन्हा बटण दाबून पैसे पाठवले, तर नवा क्रमांक तयार होतो आणि यंत्रणेच्या दृष्टीने तो वेगळा व्यवहार असतो. म्हणून ‘पेंडिंग’ असताना त्याच व्यवहाराची स्थिती तपासावी. तो फसल्याचे स्पष्ट दिसल्यावरच ग्राहकाला दुसरा करण्यास सांगावे.

प्रश्न : फोनवर बोलताना शब्द तुटतात. हरवलेला शब्द पुन्हा का पाठवीत नाहीत?
— एक आजोबा, देवास

उत्तर : काही मिलिसेकंदांत शक्य असेल तोवर टॉवर पाठवतोच. बोललेला शब्द दुसऱ्या कानी सुमारे १५० मिलिसेकंदांत पोहोचला, तर संभाषण सहज वाटते; त्याहून फार उशिरा आलेला शब्द पुढच्या शब्दावर आदळेल, म्हणून तो सोडून दिलेलाच बरा. कीर्तनाचे ध्वनिमुद्रण ऐकताना असे होत नाही, कारण तेथे फोन काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवतो आणि हरवलेले परत येण्यास पुरेसा अवधी मिळतो.

प्रश्न : सांवेरजवळच्या शेतात जमिनीची ओल मोजणारी दहा-बारा लोरा (कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणारी रेडिओ-पद्धत) यंत्रे बसवायची आहेत. प्रत्येक मोजणीची पोचपावती मागावी, म्हणजे नोंद चुकणार नाही, असे विक्रेता म्हणतो. बॅटरी मात्र दोन-तीन वर्षे टिकावी अशी अपेक्षा आहे.
— एक शेतकरी, जिल्हा इंदूर

उत्तर : ओलीच्या मोजणीसाठी मी पोचपावती मागणार नाही. प्रक्षेपण हाच अशा यंत्राच्या बॅटरीवरचा मोठा भार असतो. पोचपावती आली नाही, की यंत्र पुन्हा पाठवते आणि तो भार वाढतो. शिवाय गेटवे, म्हणजे सगळ्या यंत्रांचे संदेश घेणारे केंद्र, स्वतः पोचपावती प्रक्षेपित करीत असताना त्याला साधारणपणे दुसरे काही ऐकू येत नाही, म्हणजे एका यंत्राची खात्री करून देताना बाकीच्यांची मोजणी हुकू शकते. जमिनीची ओल तासाभरात फारशी बदलत नाही. त्यामुळे प्रत्येक संदेशात ताज्या मोजणीबरोबर आधीच्या दोन-तीन मोजण्याही पाठवाव्यात. एखादा संदेश हुकला, तरी पुढच्यातून नोंद भरून निघते आणि त्यासाठी लागतात फक्त काही जादा बाइट.

पाण्याचा व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचा आदेश पाठवायचा असेल, तेथे मात्र पोचपावती अवश्य घ्यावी, आणि आदेश ‘स्थिती बदल’ असा न देता ‘बंद हो’ किंवा ‘चालू हो’ असा द्यावा, म्हणजे तो दोनदा पोहोचला तरी व्हॉल्व्ह भलत्या स्थितीत जाणार नाही. लोरा यंत्रांच्या जाळ्याचे नियम म्हणजे लोरावॅन; त्यातील नेहमीच्या ‘ए’ वर्गाचे यंत्र स्वतः काही पाठवल्यानंतर, सहसा एक आणि दोन सेकंदांनी, थोडा वेळच ऐकते. त्यामुळे तासातून एकदा बोलणाऱ्या व्हॉल्व्हला आदेश मिळण्यास तासभर लागू शकतो. व्हॉल्व्हसाठी सतत ऐकत राहणारे ‘सी’ वर्गाचे यंत्र घ्यावे आणि त्याला वीज पंपाच्या जोडणीवरून द्यावी.